कापडाची कात्री

कंगवा दोन बोटं आत गेला आणि अडकला. तिने जरा जोर लावला तशी कुत्री कळवळली आणि टबाच्या कडेवर पुढचे पाय टाकून बाहेर पडायची धडपड करू लागली. “थांब गं कार्टे,” असं म्हणत तिने पोटाखाली हात घालून तिला परत पाण्यात उभं केलं. हात कोपरापर्यंत फेसाने भरलेले, गाऊन गुडघ्यापर्यंत भिजलेला, कंबरेत कळ. कंगवा मानेमागे केसांत रुतून तसाच उभा होता, पडतही नव्हता. तिने तो उपसून काढला आणि दोन्ही हातांच्या बोटांनी पाठीवरचे लांब केस मधोमध दुभंगून खाली पाहिलं. वरून पाहणाऱ्याचा हात आपोआप पुढे व्हावा असे ते केस, मऊ, सरळ, जमिनीला टेकणारे. पण बोटभर खाली गेलं की केस असे नव्हतेच. कातडीला लागून एक जाड करडा थर होता, जुन्या गादीतला कापूस बसून बसून घट्ट होतो तसा. तिने मांडीजवळ पाहिलं, काखेत पाहिलं, कानांमागे पाहिलं. सगळीकडे तेच. आणि आता त्याला पाणी लागलं होतं, कोमट पाणी आणि भरपूर शाम्पू, आणि तिच्या बोटांखाली तो थर आवळत चालला होता. गुंता आधी सोडवायचा आणि मग पाणी घालायचं, हे लोकरीचं काही धुतलेल्या कुणालाही ठाऊक असतं. तिलाही ठाऊक होतं. तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

“झालं का?” शेजारच्या खोलीतून बाबांचा आवाज आला. “डोळ्यांत जाऊ देऊ नकोस हं. आणि ओढू नकोस. तुझा हात जड आहे.”

सकाळी दहाच्या सुमाराला बाबांनी खोकल्याच्या औषधाची अख्खी बाटली कुत्रीच्या पाठीवर सांडली होती. त्यांचा उजवा हात चार महिन्यांपासून जिथे ठेवावा तिथे पडून असतो. डाव्याने झाकण फिरवायला गेले. मुलीला हाक मारायची नाही हा हट्ट. कुत्री नेहमीसारखी मांडीवर. चिकट, लाल, गोड वासाचा तो पाक शेपटीपर्यंत ओघळला. “आधी विंचरून घेऊ का?” तिने विचारलं होतं. विचारलं होतं, हे तिला आता राहून राहून आठवत होतं. बाबा दुखावल्यासारखे म्हणाले होते, “कशाला? रोज दोनदा ब्रश करतो मी. एक गाठ दाखव, नाव बदलून ठेवीन.” आणि तिने सरळ पाणी ओतलं. चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत ती सत्तावीस वर्षं काचा घासून फ्रेममध्ये बसवत आली होती. काचेच्या पाकिटावर छापलेला नंबरसुद्धा मशीनवर स्वतः पडताळून पाहिल्याशिवाय ती काचेला हात लावत नसे. दुकानातली पोरी त्यावरून तिची टिंगल करत. पण बाबा ठाम आवाजात ‘नाही’ म्हणाले, की तिच्यातलं ते पडताळणारं काहीतरी बंद पडत असे. त्रेपन्नाव्या वर्षीही पडलं. दिसत नाही धड त्या माणसाला. काचबिंदूने दोन्ही डोळे खाल्लेले, त्या डोळ्यांना लावायची काच तिच्याकडे नाही की जगात कुणाकडे नाही, आणि हा माणूस सांगतो एक गाठ दाखव, आणि ही बया मान डोलावून नळ सोडते.

ब्रश ते करत होते हे मात्र खरं. रोज सकाळ-संध्याकाळ, खिडकीजवळच्या खुर्चीत, तान्ह्या बाळाचा असतो तसल्या मऊ ब्रशने, डाव्या हाताने, डोक्यापासून शेपटीपर्यंत वरच्यावर. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. ब्रश फिरत असे आणि त्याच्या तालावर बाबा बोलत असत. “माझी शहाणी बाय. माझी गुणाची बाय. काय केस आहेत गं तुझे! काय केस आहेत!” चहाचा कप घेऊन खोलीत शिरताना तिच्या कानांवर हे पडायचं आणि कप खाली ठेवताना मुद्दाम आपटला जायचा. या माणसाच्या तोंडात असे शब्द होते? होते तर मग कुठे होते? आई पाच वर्षांपूर्वी गेली तेव्हा धाकट्या भावाने ही कुत्री आणून दिली, बाबांना सोबत म्हणून. स्वतः परत आपल्या शहरात गेला. जाताना म्हणाला, “ताई, तू आहेस म्हणून मी निश्चिंत.” त्याचं काय जातंय निश्चिंत व्हायला. दर तीन महिन्यांनी तो भारीतला शाम्पू पाठवतो. कुत्रीचं नाव झिपरी हेही त्याचंच. ते ऐकून बाबा पोट धरून हसले होते. तिला हसू आलं नव्हतं, कारण या घरात तो शब्द आधी तिच्यासाठी वापरून झालेला होता. ‘झिपऱ्या सोडून हिंडू नकोस.’ ‘आवर त्या झिपऱ्या.’ आता तोच शब्द मांडीवर बसला होता आणि त्याला दूधपोळी मिळत होती.

केस तिचे कंबरेच्या खाली येत. तेरा वर्षांची होती. बाबा तयार कपड्यांच्या कारखान्यात मुख्य कटर होते. टेबलावर कापडाचे थर रचायचे, वरच्या थरावर खडूची रेघ ओढायची आणि त्या रेघेवरून एका दमात कात्री न्यायची. त्यांची हातकात्री त्यांची स्वतःची होती, वीतभराहून लांब पात्यांची, काळ्या मुठीची. रोज संध्याकाळी ती तेलाच्या फडक्यात गुंडाळून घरी येई आणि रोज सकाळी परत जाई. घरात तिला कुणी हात लावायचा नाही. कागद कापायला तर नाहीच नाही. “कागद कापला की धार मेली,” बाबा सांगत, आणि मुलं त्या कात्रीकडे झोपलेल्या पाहुण्याकडे पाहावं तशी लांबूनच पाहत. त्या वर्षी शाळेच्या नाटकात तिला काम मिळालं. वाक्य एकही नव्हतं. ती नदी होती. निळी साडी गुंडाळून, केस मोकळे सोडून, रंगमंचाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू जायचं, बस. ती गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी कारखान्यातला सुपरवायझर, त्याची मुलगी तिच्याच शाळेत होती, कटिंगच्या टेबलाशी सगळ्यांसमोर बाबांना म्हणाला, “काय केस आहेत हो तुमच्या पोरीचे! आमच्या घरात रात्रभर तोच विषय.” एवढंच. यात वाईट काय होतं? पुढे चाळीस वर्षं तिने ते वाक्य उलटंसुलटं करून पाहिलं, उजेडासमोर धरून पाहिलं. त्यात काही सापडलं नाही.

बाबा घरी आले, हातपाय धुतले नाहीत. “बस इथे,” म्हणाले. ती स्टुलावर बसली. वेणी मागून घट्ट धरली गेली आणि मग तो आवाज आला. तिला वाटलं होतं कच्चकन येईल आणि संपेल. पण ओल्या वाळूवरून जड पेटी ओढावी तसा तो आवाज आला, कानाच्या आत, हाडात. एका घावात वेणी तुटली नाही. तीनदा कात्री चालवावी लागली. थरावर थर सरळ रेघेत कापणाऱ्या माणसाला पोरीची वेणी सरळ कापता येईना, याचाही त्याला राग आला; मग ती तिरकी रेघ सरळ करायला त्याने एका बाजूने आणखी कापलं, मग दुसरी बाजू खाली वाटली म्हणून तिथे कापलं, असं करत करत कात्री कानांच्या वर पोचली. आई दाराशी उभी होती. संपल्यावर ती झाडू घेऊन आली. “केसच आहेत, वाढतील,” म्हणाली. आणि दुसऱ्या दिवशी शेजारणीने विचारलं तेव्हा बाबा वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणाले, “उवा झाल्या होत्या.” आईने लगेच री ओढली, “अहो, मीच बघितल्या.”

उवा. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं आणि सकाळी शाळाभर. बाईंनी तिला शेवटच्या बाकावर एकटीला बसवलं, समजुतीच्या आवाजात, खांद्याला हात न लावता. जिच्या डब्यातून ती दोन वर्षं जेवली त्या मैत्रिणीने तिचा उसना नेलेला स्वेटर वर्तमानपत्रात गुंडाळून, पुडकं कोपऱ्याला धरून परत केला. पण हे सगळं एक वेळ ठीक. तिला आज, या ओल्या लादीवर गुडघे टेकून बसलेलं असताना, सगळ्यात जास्त चीड आली ती दुसऱ्याच गोष्टीची. शाळेतून आल्यावर ती महिनाभर रोज खिडकीत बसायची, पुढ्यात पांढरा कागद पसरायची आणि त्या खुंटांतून बारीक दातांची फणी फिरवायची. कागदावर काही पडतंय का ते डोळे ताणून बघायची. एक तरी पडावी. एक उवेचं पिल्लू पडलं असतं तरी तिने ते कवटाळलं असतं, कारण मग बाबा खरे ठरले असते, आई खरी ठरली असती, आणि जे झालं ते काही कारणाने झालं असं म्हणता आलं असतं. कागद रोज कोरा. केस पुढे वाढायला लागले, पण तिने ते वाढू दिले नाहीत. दर महिन्याला आरशासमोर उभं राहून ती कापते. “तुम्हाला आखूडच शोभतात हो,” दुकानातल्या पोरी म्हणतात. शोभतात तर शोभतात.

तिने दोनदा विचारून पाहिलं होतं. एकदा आई गेली त्या वर्षी, आणि एकदा चार महिन्यांपूर्वी, बाबा इस्पितळातून परत आले तेव्हा. डॉक्टरांनी बाहेर बोलावून सांगितलं होतं, पुढचा झटका आला तर वाचा जाईल, तयारी ठेवा. तयारी म्हणजे काय ठेवायची? तिने त्याच संध्याकाळी त्यांच्या तोंडात वरणाचा चमचा घालता घालता विचारलं, “बाबा, माझ्या केसांत खरंच उवा होत्या?” त्यांनी चमचा संपेपर्यंत वाट पाहिली. “होत्या. किती वेळा सांगू?” तिला माफी नको होती. रडणंबिडणं तर मुळीच नको. एक वाक्य हवं होतं, उवा नव्हत्या, बस. आणि ते या तोंडातून या तोंडाचं बोलणं बंद व्हायच्या आत हवं होतं. दर वेळी जेवण भरवताना ती त्या ओठांकडे बघायची. अजून चालतात. अजून खोटं बोलायला चालतात.

झिपरी थंडीने कुडकुडायला लागली होती. तिने गाठ बोटांनी सोडवून पाहिली, तेल लावून पाहिलं, बाबांचं दाढीचं मशीन आणून पाहिलं. ते दोनदा घरघरलं आणि केस खाऊन बंद पडलं. नखं कापायची कात्री त्या थरात शिरेना. काखेतला गोळा एवढा आवळला होता की कुत्रीला पुढचा पाय पूर्ण टाकता येत नव्हता. मग ती उठली, ओल्या पावलांनी बाबांच्या खोलीत गेली, कपाटाचा खालचा खण उघडला आणि तेलकट फडकं उचललं. बाबा खिडकीकडे तोंड करून बसले होते. “काय शोधतेस?” “टॉवेल.” कात्री तिच्या आठवणीपेक्षा लहान निघाली, पण वजन तेवढंच.

कातडी आणि थर यांच्यामध्ये कंगवा सपाट सरकवायचा, कंगव्याच्या वरून कात्री न्यायची, म्हणजे पातं कातडीला लागत नाही. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, काचा बसवणाऱ्या हाताला आपोआप कळलं. तिने पहिला घाव घातला. तोच आवाज. ओल्या वाळूवरून पेटी. त्याच क्षणी पलीकडून हाक आली.

“अगं! माझी कात्री आहे ती! काय कापतेस तिच्याने?”

“टॉवेलच्या दशा निघाल्यात. त्या कापतेय.”

“टॉवेलचा आवाज नाही हा,” बाबा म्हणाले. “पन्नास वर्षं कापड कापलंय मी. मला सांगतेस? हा आवाज...” आणि ते थांबले.

ती वाट पाहत राहिली, कात्री उघडी धरून. पलीकडून काही आलं नाही. खुर्चीसुद्धा करकरली नाही. त्यांना कळलं, तिच्या मनात आलं. त्या कात्रीने केस त्यांनी आयुष्यात एकदाच कापले होते, आणि तेवढं पुरलं होतं ओळखायला. बरं झालं. ऐका. बसून ऐका. तिने कात्री मिटली, सरकवली, पुन्हा मिटली. थर अख्खा निघत होता, गोधडी उसवावी तसा, आणि खालून गुलाबी कातडी दिसत होती, ठिकठिकाणी लाल, काखेत एक चिघळलेला चट्टा. किती दिवसांचा असेल? या मुक्या जनावराने किती दिवस हे अंगाखाली घेऊन शहाणी बाय, गुणाची बाय ऐकून घेतलं? आणि ती स्वतः काय करत होती? रोज शेजारून जात होती, कप आपटत होती. ‘तू ओढतेस, तू हात लावू नकोस,’ असं बाबा म्हणाले की तिला मनातून बरंच वाटायचं, आणि या चट्ट्यात तिचाही वाटा होता. हे लक्षात आल्यावर तिचा राग कमी व्हायला हवा होता. तो वाढला. झिपरी मात्र काखेतला गोळा सुटल्यासरशी एकदम गप्प झाली, पाय टाकून बघितला, आणि तिच्या मनगटावरचा फेस चाटायला लागली. “पुरे, पुरे,” ती म्हणाली.

अंग पुसून, चट्ट्याला मलम लावून, ड्रायरने कोरडी करून तिने कुत्रीला टॉवेलमध्ये घेतली तेव्हा हातात काही आहे असं वाटेना. अर्धी झाली होती. ती बाबांसमोर गेली आणि टॉवेल त्यांच्या मांडीवर सोडला. बाबांनी ब्रश आधीच हातात घेतलेला होता. त्यांनी ब्रश खाली ठेवला आणि हात पुढे केला. हात सवयीने तिथे गेला जिथे रोज केस सुरू व्हायचे, पाठीच्या चार बोटं वर, आणि तिथे हवेतच फिरला. थांबला. मग भीत भीत खाली आला आणि उघड्या कातडीला लागला. कुत्रीने शेपटी हलवली. शेपटीही आता काडीएवढीच होती.

“काय केलंस हे?”

तिच्याजवळ वाक्य तयार होतं. ते तिने न्हाणीघरात पाठ केलं होतं, चाळीस वर्षं पाठ केलं होतं. “पिसवा झाल्या होत्या,” ती म्हणाली.

“खोटं! एक पिसू नव्हती हिच्या अंगावर. रोज माझ्या मांडीवर असते ही. मला कळलं नसतं?”

“होत्या,” ती म्हणाली. “मीच बघितल्या.” आवाज हुबेहूब आईचा निघाला. ती स्वतःच दचकली.

बाबांचं तोंड उघडं राहिलं. चेहऱ्याची जी बाजू अजून हलत होती ती हलली, मग तीही थांबली. त्यांचे न बघणारे डोळे खिडकीकडे गेले आणि परत आले. हात कुत्रीच्या पाठीवर होता, एकाच जागी. बाहेर कुणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ती सुरू होत नव्हती. तिला वाटलं, आता नेहमीसारखा वरचा सूर लागेल, मग मी हे असंच सोडून देईन, कायमचं.

“उवा नव्हत्या,” बाबा म्हणाले.

“काय?”

“तुला. तेव्हा. उवाबिवा काही नव्हत्या.”

“मग काय होतं?”

“काही नव्हतं.” ते कुत्रीकडे तोंड करूनच बोलत होते. “त्याने सगळ्यांसमोर तुझ्या केसांचं नाव काढलं. मला राग आला.” थोड्या वेळाने, जणू यावाचून हिशेब अपुरा राहिला असता, असं म्हणाले, “आणि रेघ सरळ आली नाही. ती मात्र मला फार लागून राहिली.”

तिला वाटलं होतं, हे वाक्य ऐकलं की छातीवरचं काहीतरी उतरेल. ती वाट बघत उभी राहिली. काही उतरलं नाही. राग आला. एवढंच? एका माणसाला एका संध्याकाळी राग आला, आणि तेवढ्यासाठी तिने महिनाभर कोऱ्या कागदावर डोळे फोडून घेतले, त्या मैत्रिणीला पुन्हा तोंड दाखवलं नाही, आरशासमोर चाळीस वर्षं कात्री चालवली? काहीतरी मोठं तरी असायला हवं होतं. आणि ते सांगतानाही यांना दुखतंय काय, तर रेघ! तिला ओरडावंसं वाटलं. त्या अर्ध्या मेलेल्या हाताला धरून गदागदा हलवावंसं वाटलं. तिने हात गाऊनच्या खिशात घातले.

बाबांचा हात कुत्रीच्या पाठीवरून सावकाश फिरत होता, मानेपासून कंबरेपर्यंत, काखेजवळच्या मलमाला लागला तसा चटका बसल्यासारखा मागे आला. “हे मी केलं?” त्यांनी विचारलं. ते बोटांना लागलेलं मलम चोळत राहिले. मग एकदम लहान आवाजात म्हणाले, “वाढतील ना गं?”

याचं उत्तर तिला येत होतं. या घरात ते तोंडपाठ होतं. आठ महिन्यांत, फार तर दहा महिन्यांत, झिपरीचे केस पुन्हा जमिनीला टेकतील. तोवर हा माणूस असेल का, असला तर त्याला ते सांगता येईल का, ते कुणाला ठाऊक. वाढतील, एवढं म्हणायला काय जात होतं? तिने तोंड उघडलं आणि मिटलं.

ती न्हाणीघरात गेली, टबाच्या कडेवर ठेवलेली कात्री उचलली, पाती पुसली, त्यांत अडकलेला एकेक केस ओढून काढला. मग परत आली, बाबांच्या समोरची खुर्ची ओढली आणि बसली. तिपाईवर कालचं वर्तमानपत्र होतं. तिने त्याचं पहिलं पान मांडीवर सरळ केलं, एका कोपऱ्याशी कात्री लावली आणि सावकाश, शेवटपर्यंत, पट्टी कापली.

तो कोरडा, सरसर आवाज खोलीत स्पष्ट ऐकू आला. बाबांची मान वर झाली. हा आवाज तर त्यांनी झोपेतही ओळखला असता. ओठ हलले, ते पुढे झुकले, डावा हात खुर्चीच्या दांड्यावर आला. तिने हात थांबवला आणि त्यांच्याकडे पाहिलं. ते काही बोलले तर ऐकायला ती तयार होती. त्यांचा हात परत कुत्रीच्या पाठीवर गेला.

तिने दुसरी पट्टी कापली, मग तिसरी. रेघ सरळ येत होती. झिपरी बाबांच्या मांडीवर, कित्येक दिवसांनी चारही पाय ताणून, झोपी गेली होती. पान संपल्यावर तिने पुढचं घेतलं.